थांबाबाईंची बुडी

नदीवर तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. सगळे थांबाबाईच म्हणतात, आणि तेही तोंडावर. होड्यांच्या शेडमधून कयाक बाहेर काढली की "थांबा!" जॅकेटचे पट्टे ओढून बघायचे. पाण्याच्या कडेला आलं की "थांबा!" पुढच्या-मागच्या कप्प्यांची झाकणं दाबून बघायची. पाण्यात उतरून जरा कुठे वल्हं मारतोय तोच पुन्हा "थांबा!" शेवटचा माणूस आला का? नवा माणूस पहिल्या दिवशी वैतागतो, दुसऱ्या खेपेला हसतो आणि तिसऱ्या खेपेला आपणहून पट्टा ओढून उभा राहतो. एका नवख्या बाईनं तर तिला अगदी भाबडेपणानं विचारलं होतं, "तुम्ही पूर्वी बसमध्ये कंडक्टर होता का हो?" अख्खी मंडळी खो खो हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसली ती थांबाबाईच.

कंडक्टर नव्हे, ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत मुकादम आहे. लाँड्री तळघरात. डोक्यावर पाइप, भिंतीला घाम, आणि खिडकी म्हणाल तर नावालाही नाही. वरच्या मजल्यांवरच्या चादरी चाकाच्या पिंजऱ्यांतून खाली येतात, तिच्या हाताखालच्या बायका त्या निवडतात, आणि डॉक्टरांच्या डगल्यांचे खिसे ती स्वतः तपासते. खिशांत काय सापडत नाही! पेनं, चाव्या, अर्धं बिस्कीट, एकदा तर कुणाची तरी दातांची कवळी. धुण्याच्या यंत्राचं पिंप पुरतं थांबल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, हा तिचा तिथला नियम. म्हणजे "थांबा" तिथेही आहेच. आता आठवडाभर जमिनीखाली राबणाऱ्या बाईला सुट्टीच्या दिवशी आभाळ हवंसं वाटलं, तर त्यात नवल ते काय?

नदीचं वेड मात्र तिचं स्वतःचं नव्हे, नवऱ्यानं घरात आणलेलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. बंद पडलेल्या एका सुट्टीच्या कॅम्पमधून त्यानं दोन जुन्या कयाक उचलून आणल्या, मोठ्या हौसेनं रंगवल्या, पाण्यात घातल्या, आणि पहिल्याच वळणावर ओकला. दिवसभर लोकांना वरखाली नेणाऱ्या पेट्यांत लोंबकळणारा हा माणूस, पण त्याला टबात बसलं तरी गरगरतं! तेव्हापासून तो टपावर होड्या बांधून व्हॅन चालवतो, आणि बायको नदीवर असेपर्यंत हीटर लावून पेपर वाचत बसतो. त्याचं म्हणणं असं की घरातला एक माणूस कोरडा राहिलेला बरा.

आता धाकटी. धाकटी म्हणजे थांबाबाईची धाकटी जाऊ. एकाच अरुंद घरात खालच्या मजल्यावर थोरली, वरच्या मजल्यावर धाकटी, आणि मधला जिना दोघींच्या चपलांनी झिजलेला. जावाजावांबद्दल तुम्ही जे काही ऐकून असाल ते आधी मनातून काढून टाका. अर्थात दोघी दुधात साखर होत्या अशातलाही भाग नाही. थोरली फटकळ, शब्द गिळणं तिला ठाऊक नाही. धाकटी हळवी, डोळ्यांत पाणी कायम तयार. ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासते, केसाएवढा फरक तिला बोटाला कळतो. लग्न होऊन आली तेव्हा पाण्याला इतकी भ्यायची की पुलावरून जाताना कठड्याकडे बघायची नाही. थोरलीनं तिला पहिल्याच उन्हाळ्यात नदीवर नेलं आणि होडीत बसवायच्या आधी होडीतून पडायला शिकवलं. "आधी पड. पडणं जमलं की बसणं आपोआप जमतं." धाकटी इतक्या वेळा पडली की तिच्या कानातलं पाणी पानगळीपर्यंत हललं नाही, असं तिचा नवरा अजून सांगतो. पण भीती गेली ती गेलीच. घरातली दुसरी कुठलीही गोष्ट धाकटीला कुणी इतक्या खमकेपणानं दिली नव्हती, आणि ती हे कधी विसरली नाही.

नदी तरी कशी! समुद्र जवळ, त्यामुळे भरती-ओहोटीचं पाणी थेट आत शिरतं. एका काठाला उंच कडे, दुसऱ्याला वेताचं रान, मध्ये दोन-तीन झाडीची बेटं. पात्र इतकं रुंद की वारा सुटला तर लाटा समुद्रासारख्याच उठतात. म्हणून इथे समुद्राच्याच कयाक चालवतात, लांबलचक, निमुळत्या, माणूस कमरेपर्यंत आत आणि कमरेला रबरी घागरा, पाणी आत येऊ नये म्हणून. घागरा पुरुषांनाही घालावा लागतो, त्यावरून व्हायचे तेवढे विनोद होऊन गेलेत. उन्हाळ्यात इथे जत्रा असते. हिवाळ्यात मात्र नदी फक्त थांबाबाईच्या मंडळींची असते. कड्यांवर धुकं लोंबत असतं, वेताच्या बुडाशी काचेसारखं बर्फ धरलेलं असतं, आणि पाणकावळे खडकांवर पंख पसरून उभे असतात. ज्यानं हे एकदा पाहिलं, त्याला सुट्टीच्या सकाळी अंथरुणात लोळवत नाही.

पण हिवाळ्याचा एक नियम आहे, आणि तो थांबाबाईनंच घातला. त्याला कारणही तसंच घडलं होतं. कितीतरी वर्षांपूर्वी ज्याच्यामागे ही सगळी मंडळी जायची, तो चांगला दणकट माणूस, एका थंडीत कड्याखाली उलटला. उन्हाळ्यात तो डोळे मिटून होडीत परत चढायचा. त्या दिवशी मात्र बोटं अशी आखडली की त्याला पट्टासुद्धा सुटेना. बाकीचे भोवती गोळा झाले, पण करायचं काय हे कुणालाच सुचेना, कारण जे करायचं ते सांगणाराच पाण्यात होता! निळ्या पडलेल्या त्या माणसाला सगळ्यांनी कसंबसं काठावर ओढलं. तो वाचला, पण पुन्हा नदीवर आला नाही. त्याच्या जागी थांबाबाई आली आणि तिनं सांगून टाकलं: हिवाळ्यात जो पुढे राहणार, त्यानं पहिल्या फेरीला सगळ्यांसमोर पाण्यात उलटायचं आणि एकट्यानं परत चढायचं. कुणी हात लावायचा नाही. एकदाच. घसरला तर त्या हिवाळ्यात तो पुढे नाही, मागे.

चढायचं म्हणजे काय, तेही सांगतो. वल्ह्याच्या एका टोकाला हवेची पिशवी बांधायची, तोंडानं फुगवायची आणि वल्हं होडीवर आडवं टाकायचं, म्हणजे होडीला बाजूला एक पाय फुटतो. त्या आधारावर जोर देऊन पोटावर सरपटत होडीच्या पाठीवर चढायचं, पाय आत सरकवायचे आणि अंग वळवून बसायचं. सांगायला सोपं आहे. गार पाण्यात, भिजल्या कपड्यांत, आखडल्या बोटांनी हे करताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात. दोन हिवाळ्यांपूर्वी भूगोलाचे मास्तर घसरले. ते आणि थांबाबाई आलटून पालटून पुढे असायचे, दोघांची चांगली जोडी होती. "पाय अडकला हो, आणखी एकदा करतो," मास्तर दातांवर दात आपटत म्हणाले. "मास्तर, नदी म्हणते का आणखी एकदा?" एवढंच ती बोलली. मास्तर रागावून हिवाळाभर आले नाहीत. मग एके दिवशी गुपचूप आले आणि रांगेच्या मागे लागले. तिनं फक्त त्यांचा पट्टा ओढून बघितला.

तर यंदाच्या हिवाळ्याची ही पहिली फेरी, आणि धाकटीला धास्ती. स्वतःच्या परीक्षेची नव्हे, थोरलीच्या. कारण थोरलीचा उजवा खांदा गेला होता, आणि हे जगात फक्त धाकटीला माहीत होतं. सांगितलं कुणीच नव्हतं. पण किटली डाव्या हातानं उचलली जातेय, वेणी घालताना मान उगाच वाकडी होतेय, वाळत घालायच्या चादरी दोरीवर टाकण्याऐवजी खुर्चीच्या पाठीवर पसरल्या जाताहेत, हे जिन्यातून येता-जाता दिसतंच की! लाँड्रीत ओल्या चादरींचा पिंजरा उतारावरून सुटला होता आणि हिनं तो एकटीनं अडवला होता, तेही हाताखालच्या एका बाईकडून धाकटीला उडत उडत कळलं.

"वहिनी, खांदा दुखतोय का?" तिनं एकदा धीर करून विचारलं.

"कुणाचा?" थोरली म्हणाली, आणि डाव्या हातानं भाकरी... छे, भाकरी कुठली, डाव्या हातानं ब्रेड कापायला लागली. मला उगाच जिभेवर आलं ते. तर विषय संपला.

संपला तो थोरलीपुरता. धाकटीची झोप उडाली. ती रात्रंदिवस एकच विचार करत होती: ही घसरली तर? नदीवर पुढे असणं ही थोरलीची हौस नव्हती, तो तिच्या पाठीचा कणा होता. खाली तळघरात वाफेत उभं राहून ती जी वर आभाळाची वाट बघायची, ती याच्यासाठी. ते गेलं तर ही बाई घरात कशी वावरेल, हे धाकटीच्या डोळ्यांपुढे आणवेना. त्यात आणखी एक बारीक भीती होतीच. थोरली नाही, तर पुढे कोण? परीक्षा पास होणारी दुसरी होती ती धाकटीच.

त्या सकाळी धक्क्याच्या फळ्यांवर दव गोठलं होतं. पाय ठेवला की करकर वाजायचं. धुकं पाण्यावर असं पडलं होतं की पलीकडचे कडे अर्धेच दिसत होते. मोठ्या दिरांनी व्हॅनमधून होड्या उतरवल्या, बायकोच्या डोक्यावर लोकरी टोपी कानापर्यंत ओढली आणि म्हणाले, "जा. बुड एकदाची." मग हीटरच्या ओढीनं परत आत जाऊन बसले. त्यांना बिचाऱ्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

आधी धाकटी उलटली. पाणी अंगाला लागलं तशी छातीतली हवाच कुणी काढून घेतल्यासारखं झालं, पण हातांनी आपलं काम केलं. पिशवी, वल्हं, पोट, पाय, आणि ती आत. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. "उलटताना डोळे मिटू नकोस," थोरली म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे शाबासकीच.

मग थोरली. नियमाप्रमाणे कुणीतरी शेजारी राहायचं असतं, जिवावर बेतलं तरच हात घालायला. शेजारी राहिली धाकटी. बाकीची मंडळी एका बाजूला रांगेत, मधे थोरली, आणि तिच्या पलीकडच्या अंगाला धाकटीची होडी. थोरलीनं एकदा आभाळाकडे पाहिलं, टोपी काढून धाकटीच्या मांडीवर टाकली, आणि उलटली.

वर आली ती फूत्कारत. डोळे उघडे होते. तिनं होडी सुलटी केली, पिशवी बांधली, गाल फुगवून ती भरली. सगळं अगदी रीतसर, घाई नाही. वल्हं आडवं टाकलं. पाण्यात पाय झाडून तिनं अंग वर घेतलं, छाती होडीवर आली, पोट आलं, आणि तिथेच उजवा हात थरथरायला लागला. रांगेतल्या लोकांकडे तिची पाठ होती, त्यांना तो दिसत नव्हता. धाकटीला दिसत होता. कोपर वाकलं. थोरलीचा चेहरा होडीच्या पाठीवर घट्ट दाबलेला, दात आवळलेले. होडी थोरलीच्या अंगाला कलायला लागली. आता जाणार, धाकटीला वाटलं, आता घसरणार.

आणि धाकटीचा हात पाण्याखालून गेला. थोरलीच्या होडीची आपल्या बाजूच्या काठालगतची दोरी तिनं मुठीत धरली आणि आपल्या सगळ्या वजनानं खाली दाबली. बस्स, तेवढंच. होडी सरळ झाली. थोरलीचे पाय आत सरकले, अंग वळलं, आणि ती बसली.

काय तो जल्लोष! वल्ही आपटली, शिट्ट्या झाल्या. मास्तर तर सगळ्यांच्या आधी ओरडले, "पास! पास!" मोठ्या मनाचा माणूस. धाकटीनं हात केव्हाच काढून घेतला होता, आणि तिचा जीव भांड्यात पडला होता.

थोरली हसली नाही. ती हातपंपानं होडीतलं पाणी उपसत राहिली, बराच वेळ, जणू आसपास कुणी नाहीच. मग पंप बाजूला ठेवून तिनं होडीचा काठ हातानं जरा हलवून बघितला. डावीकडे, उजवीकडे. नेहमीसारखीच डुलली.

"मघाशी ही डुलली नाही," ती म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही. कळलं ते धाकटीला.

"वीस वर्षं हिच्यावर चढतेय मी. ही मेली चढणाऱ्याला कधी सुखानं चढू देत नाही. आज भिंतीसारखी उभी राहिली." थोरलीनं मान वळवली. "धाकटे, तू धरलीस?"

खोटं बोलता आलं असतं. पुरावा काही नव्हता, हात तर दोघींचेही भिजलेले. पण थोरलीच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायचं म्हणजे छाती लागते, ती धाकटीकडे कुठली!

"हो," ती म्हणाली.

मास्तरच मग खाकरून म्हणाले, "अहो जाऊ द्या, जरासा हात लागला असेल. आम्हाला चालतंय. काय रे, चालतंय ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या, चालतंय, चालतंय.

"मास्तर, तुम्हाला मी जरासा हात लावला होता?"

मास्तरांनी मान खाली घालून आपला पट्टा ओढून बघितला.

"मग झालं तर. मी नापास. आज धाकटी पुढे."

आणि ती आपली होडी वळवून रांगेत मागे जाऊन उभी राहिली. धाकटीला वाटलं, धरणी दुभंगावी, पण खाली धरणी कुठे होती, पाणीच होतं. ती वल्हं मारत तिच्यामागे गेली.

"वहिनी, तुम्ही घसरत होतात," ती हळूच म्हणाली.

"होते."

"मग?"

"घसरत होते, घसरले नव्हते." थोरलीचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "चढलेही असते कदाचित. कदाचित नसते. तुला काय माहीत? मला तरी काय माहीत? आता कळायचंही नाही. तेवढं तू घेतलंस माझ्याकडून, धाकटे. जा आता, लोक गारठताहेत. पुढे हो."

चांगलं करायला जावं आणि असं तोंडात मारल्यासारखं व्हावं! धाकटी पुढे झाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या थंडीत सगळ्यांच्याच डोळ्यांतून वाहत होतं, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

नदीनं मात्र त्या दिवशी काही राखून ठेवलं नाही. धुकं उचललं तशी कड्यांची लाल माती आणि तिच्यावर लोंबणाऱ्या बर्फाच्या सुया उन्हात आल्या. वेतातून बगळा उठला आणि त्यांच्या पुढे पुढे उडत राहिला. कड्याच्या सावलीत पाणी काळं, सावली संपली की एकदम निळं. आवाज फक्त वल्ह्यांचा. एरवी धाकटी हे सगळं डोळे भरून बघते. आज तिला मागचं सगळं बघायचं होतं, कोण मागे पडलंय, कुणाची होडी जड चाललीय, कोण फार वेळ गप्प आहे. आणि दर वेळी मागे वळलं की रांगेच्या शेवटी थोरली. आपलं वल्हं मारतेय, छोटे छोटे फटके, उजवं कोपर अंगाला चिकटवून.

मोठ्या वळणाशी पात्र रुंद होतं. तिथून पलीकडे बेटावर जायचं, शेकोटी करायची आणि जेवायचं, हा ठरलेला बेत होता. पण वळणावर आल्याबरोबर वारा समोरून लागला. लाटांना पांढरे शेंडे आले होते, फार नाही, मधूनच. जावं? न जावं? मंडळी आशेनं बेटाकडे बघत होती. धाकटीनं मागे थोरलीकडे पाहिलं. थोरली पाणकावळे बघत होती. इतक्या मन लावून बघत होती की जणू जन्मात कधी पाणकावळा पाहिला नाही. तेव्हा धाकटीला उमगलं, ही मान हलवणार नाही, डोळाही हलवणार नाही, पुढे मी आहे.

"बेट नाही आज," ती ओरडली. "इथेच खडकांच्या आड थांबायचं."

कुरकूर झालीच. पहिली मुकाट्यानं होडी वळवली ती थोरलीनं. खडकांच्या आडोशाला सगळ्यांनी थर्मासमधलं सूप घेतलं. परत निघताना थोरली धाकटीजवळ आली आणि म्हणाली, "माझ्या पायाखालची पट्टी सैल झालीय. ती नीट करून मग मागून येऊ का?" बघा म्हणजे! जिच्या शब्दाबाहेर इतकी वर्षं एक होडी हलली नाही, ती परवानगी मागत होती. टोमणा नव्हता तो. नदीवर असंच विचारायचं असतं, म्हणून विचारत होती.

"थांबते मी," धाकटी म्हणाली. "सावकाश करा."

धक्क्याला परत आले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. मंडळी होड्या उचलून शेडकडे गेली, गरम काहीतरी प्यायची सगळ्यांना घाई. मोठे दीर व्हॅनमधून उतरून अंग ताणत उभे होते. थोरली पाण्यातून बाहेर आली नाही.

"धाकटे, तू थांब जरा."

"काय हो?"

"मला कळायला हवं," थोरली म्हणाली.

धाकटीनं तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "आत्ता? दिवसभराच्या दमल्यात तुम्ही, वहिनी. सकाळपेक्षा हात आणखी..."

"म्हणूनच. लोक काय सकाळी ताजेतवाने असताना उलटतात? तू शेजारी राहा. जीव जायला लागला तर बघ काय ते. नाहीतर हात मांडीवर. मी मेले तरी... नाही, मेले तर धर. पण कण्हले म्हणून धरायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं. ते माझं मला पाहिजे. तू दिलेलं पास नको आणि मी माझं मानून घेतलेलं नापासही नको."

धक्क्यावर मोठ्या दिरांनी दोघींना पाहिलं आणि काहीतरी ओरडून विचारलं. थोरलीनं त्यांना हातानं थोपवलं आणि उलटली.

धाकटीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. थोरली वर आली, होडी सुलटी केली, पिशवी फुगवली. गाल फुगवताना ओठ थरथरत होते. वल्हं टाकलं, पाय झाडले, वर आली. हात थरथरला, कोपर वाकलं, होडी कलली. धाकटीनं डोळे मिटून घेतले नाहीत. थोरली घसरून पाण्यात गेली.

आली. पुन्हा वल्हं टाकलं. पुन्हा घसरली. या खेपेला कण्हण्याचा आवाज आला, बारीक, लहान मुलासारखा. धाकटीची बोटं एकमेकांत इतकी गच्च गुंतली होती की नखं तळव्यांत रुतली. सकाळी पाण्याखाली हात घालणं किती सोपं होतं, हे तिला आता कळत होतं. धरून टाकायचं आणि मोकळं व्हायचं. शेजारी नुसतं बसणं, आपल्या माणसाला घसरू देणं, यालाच सगळं बळ लागत होतं. आणि याच बाईनं दर हिवाळा एकेकाच्या शेजारी असंच बसून काढला होता! मास्तरांच्या शेजारी बसली तेव्हा तिच्या जिवाचं काय झालं असेल, हे त्या दिवशी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिसऱ्यांदा थोरली अर्धी वर आली. छाती होडीवर, गाल थंड फायबरला चिकटलेला, केसांतून पाणी निथळतंय. उजवा हात आता थरथरतही नव्हता, तो नुसता पडून होता. ती घसरली नाही आणि चढलीही नाही. तशीच लोंबकळत राहिली आणि धाकटीकडे बघत राहिली. धाकटीही बघत राहिली. तिनं हात हलवला नाही. गालांवरून पाणी ओघळत होतं, नाक वाहत होतं, पण हात मांडीवरच होते.

धक्क्यावर मोठे दीर बूट काढायला लागले होते. गरगरणारा माणूस, पण निघाला होता पाण्यात.

"तू बस तिथेच!" थोरली गाल न उचलता त्यांच्यावर ओरडली. मग तिनं श्वास घेतला, एक मोठा, आणि डोळे मिटले. चेहऱ्यावरचं सगळं आवळलेपण हळूहळू सुटलं. सकाळपासून धाकटीनं तिचा असा चेहरा पाहिला नव्हता.

"कळलं," ती म्हणाली. आणि मग, "आता धर, धाकटे."

धाकटी लग्न होऊन त्या घरात आल्यापासून थोरलीनं तिच्याकडे कधी मदत मागितली नव्हती. धाकटीनं दोन्ही हातांनी होडी धरली.